कोल्हापूर ते नागपूर : हवाई अंतर आणि प्रवासाचा काळ

महाराष्ट्राच्या नैर्ऋत्येकडील कोल्हापुराहून ईशान्येकडील नागपुरास जाण्यास किती वेळ लागतो, असा प्रश्न भूगोलाचा शिक्षक, रेल्वेचा कारकून, विमान कंपनीचा नोकर आणि नुकताच हा प्रवास करून आलेला गृहस्थ या चौघांस विचारला, तर चार उत्तरे मिळतील. आणि विशेष हे की, त्यांपैकी एकही उत्तर खोटे असणार नाही. शिक्षक नकाशावर पट्टी ठेवून सातशे किलोमीटर सांगेल, रेल्वेचा कारकून बाराशे सांगेल, विमान कंपनीचा नोकर अंतराचे नावही न काढता तास-मिनिटे सांगेल आणि प्रवासी मात्र आपला कोणता दिवस खर्ची पडला ते सांगेल. या चारही हिशेबांची एकत्र मांडणी करून, दोन प्रादेशिक विमानतळांतील अंतर मोजण्याचे खरे माप कोणते असावे, याचा विचार करणे हा या आढाव्याचा हेतू आहे.

या दोन शहरांची निवड सहेतुक आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तोवर ते एका संस्थानाचे राजधानीचे शहर होते. नागपूर हे मध्यप्रांत-वऱ्हाडाचे आणि पुढे १९५६ पर्यंत तत्कालीन मध्य प्रदेशाचे मुख्य ठाणे होते. दोन्ही शहरांना आपापले दरबार, कचेऱ्या, बाजारपेठा आणि विद्यालये होती, आणि एकमेकांकडे जाण्याचे फारसे प्रयोजन नव्हते. कोल्हापूरचा माणूस पुण्या-मुंबईकडे अथवा बेळगावकडे पाहत असे. नागपूरच्या माणसास जबलपूर, रायपूर आणि वऱ्हाड ही आपली वाटत. १९५३ च्या नागपूर करारानंतर आणि १९६० च्या राज्यस्थापनेनंतर मात्र ही दोन्ही नगरे एका शासनाच्या छत्राखाली आली, नागपुरास विधिमंडळाचे अधिवेशन भरू लागले, आणि पंचगंगेकाठच्या लोकप्रतिनिधीस, अधिकाऱ्यास व अर्जदारास वर्षातून निदान एकदा नाग नदीच्या काठी जाणे प्राप्त झाले. शासन एक झाले, परंतु वाटा जुन्याच राहिल्या. आणि या दोन शहरांमधील प्रवासाचे बहुतेक क्लेश या एका वस्तुस्थितीतून निर्माण झाले आहेत.

प्रथम भूमितीचा हिशेब पाहू. कोल्हापूरचे विमानतळ उजळाईवाडीस, सुमारे १६ अंश ४० कला उत्तर अक्षांश व ७४ अंश १७ कला पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचे विमानतळ सोनेगावास, सुमारे २१ अंश ५ कला उत्तर व ७९ अंश ३ कला पूर्व या ठिकाणी आहे. पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत लहान रेषा महावृत्तावरून जाते, आणि तिची लांबी या दोन स्थळांसाठी सुमारे ७०० किलोमीटर भरते. वैमानिक हे अंतर किलोमीटरांत मोजीत नाहीत. त्यांचा व्यवहार सागरी मैलांत चालतो. अक्षांशाच्या एका कलेइतके अंतर म्हणजे एक सागरी मैल, आणि त्याची आजची ठरीव लांबी १,८५२ मीटर. या मापाने कोल्हापूर-नागपूर अंतर ३८० सागरी मैलांच्या घरात येते.

ही रेषा नकाशावर आखून पाहिली, तर ती जवळजवळ थेट ईशान्येकडे जाते. कृष्णेचे खोरे ओलांडून ती भीमेवर पंढरपुराच्या अगदी समीप येते, धाराशिवच्या आकाशातून बालाघाटाच्या डोंगररांगांवर जाते, अंबाजोगाई आणि परळी यांना जवळजवळ स्पर्श करून गोदावरी ओलांडते, पुसदच्या बाजूने पैनगंगेचा मुलूख मागे टाकते, आणि यवतमाळ व वर्धा यांच्या जवळून नागपुरास पोहोचते. म्हणजे दक्षिण महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ हे तीन प्रदेश एका रेषेत गुंफले जातात, आणि त्या रेषेखाली दोन ज्योतिर्लिंगे मानणारे भाविक, एक विठ्ठलाचे क्षेत्र, ऊस, सोयाबीन आणि कापूस यांची शेते आणि अवर्षणाचा परिचित टापू असा सारा महाराष्ट्र येतो. या रेषेवरून पायउतार होऊन जमिनीवरून जाऊ म्हटले, तर मात्र तिच्याशी इमान राखणारा मार्ग सहजी सापडत नाही.

रेल्वेचेच पाहा. कोल्हापुरास लोहमार्ग १८९१ साली आला तो मिरजेवरून, आणि मिरजेहून मुख्य ओघ पुण्याकडे वळलेला होता. आजही कोल्हापुराहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ आणि अकोला असा मोठा वळसा घेऊन नागपूर गाठते व पुढे गोंदियास जाते. नागपूरपर्यंतचा तिचा मार्ग बाराशे किलोमीटरांहून थोडा अधिक आहे. सरळ रेषेच्या मानाने पावणेदोन पट! एकाच राज्याच्या हद्दीत इतका दीर्घ प्रवास करणारी गाडी म्हणून तिचा लौकिक आहे, परंतु लौकिकाने प्रवाशाचे तास कमी होत नाहीत. दुपारी कोल्हापुराहून निघालेला मनुष्य दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर नागपुरास उतरतो. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद मार्गाचे रुंदीकरण होऊन मिरज-पंढरपूर-कुर्डूवाडी-लातूर ही वाट मोठ्या गाड्यांना खुली झाली, तेव्हा त्या वाटेने परभणी-हिंगोली-वाशीमवरून नागपूर गाठण्याची सोय झाली खरी. परंतु ती गाडी रोजची नव्हे.

सडकेचा हिशेब यापेक्षा बरा आहे. सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ आणि वर्धा या क्रमाने जाणारा राष्ट्रीय महामार्ग आकाशरेषेच्या बराचसा बरोबरीने चालतो, आणि त्याची लांबी सव्वाआठशे किलोमीटरांच्या आसपास भरते. रात्रीच्या खाजगी बसला त्यास चौदा-पंधरा तास लागतात. २०२५ च्या जूनमध्ये पूर्णत्वास गेलेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे, आणि योगायोगाने ही लांबी कोल्हापूर-नागपूर हवाई अंतराइतकीच आहे. पण तो नागपुरास मुंबईशी जोडतो. नागपूर ते गोव्याची सरहद्द असा जो शक्तिपीठ महामार्ग योजिला गेला, त्याची आखणी मात्र वर्णिलेल्या आकाशरेषेला बरीच जवळची आहे. आणि त्या आखणीत ज्यांच्या बागायती जमिनी जातात त्या कोल्हापूर-सांगलीकडील शेतकऱ्यांचा त्यास कडवा विरोध झाला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. जमिनीवरून सरळ रेषा आखावयाची म्हणजे कोणाच्या तरी शेतातून ती न्यावी लागते. विमानाला ही अडचण नाही, आणि म्हणून लांब पल्ल्याच्या प्रादेशिक संपर्कासाठी शासनाचे लक्ष आकाशाकडे वळते.

परंतु आकाशातही सरळ रेषा निर्वेध नसते. नागरी विमाने ठरीव हवाई मार्गांवरून, ठरीव खुणांवरून आणि नियंत्रकाच्या अनुज्ञेने जातात. संरक्षण दलांसाठी राखून ठेवलेले प्रदेश टाळून त्यांना जावे लागते. त्याशिवाय धावपट्टीची दिशा हा एक घटक आहे, ज्याची सामान्य प्रवाशास कल्पना नसते. कोल्हापूरची धावपट्टी स्थूलमानाने पूर्व-पश्चिम आहे; वारा पूर्वेचा असेल तर विमान पूर्वेस उडते आणि लगेच आपल्या मार्गास लागते, पण पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असल्यामुळे त्यास नागपूरकडे पाठ करून उडावे लागते व मग वळसा घालून परतावे लागते. नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय अशी आहे, म्हणजे नैर्ऋत्येकडून आलेल्या विमानाच्या वाटेला ती जवळजवळ काटकोनात छेदते. कोणत्याही टोकाने उतरावयाचे म्हटले तरी विमानास मोठे वळण घेऊन तिच्या रेषेत यावे लागते. या सर्वांमुळे प्रत्यक्ष उडण्याचे अंतर महावृत्ताच्या अंतरापेक्षा काही टक्क्यांनी वाढते, आणि अंतरापेक्षाही वेळ वाढतो, कारण ही वळणे मंद गतीच्या अवस्थेत घ्यावयाची असतात.

आता गतीचा विचार. प्रादेशिक मार्गांवर आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारची विमाने दिसतात. पंख्यांची एटीआर-७२ जातीची विमाने सत्तर ते अठ्ठ्याहत्तर प्रवासी घेऊन ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास वेगाने जातात. पन्नास ते पाऊणशे आसनांची लहान जेट विमाने उंचावर ताशी ८०० किलोमीटरांचा वेग गाठतात. केवळ भागाकार केला, तर ७०० किलोमीटरांस पहिल्यास ८४ मिनिटे आणि दुसऱ्यास ५३ मिनिटे लागावीत. प्रत्यक्षात विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर स्थिर होईपर्यंतचा काळ धरावा लागतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि पुन्हा इमारतीपर्यंत येणे यांसाठी वीस-पंचवीस मिनिटांची भर पडते. त्यामुळे पंख्याच्या विमानास पावणेदोन तास आणि जेटला सव्वा तासाहून थोडे अधिक, असा हिशेब बसतो. अंतर जितके लहान तितका हा भेद कमी होत जातो. कोल्हापूर-मुंबई हे हवाई अंतर ३१० किलोमीटरांच्या आत असल्याने तेथे दोहोंत चौदा-पंधरा मिनिटांचाच फरक उरतो, आणि त्या चौदा मिनिटांसाठी जेटचे अधिक इंधन जाळणे कोणत्याही जमाखर्चात बसवणे कठीण होते.

वाऱ्याचा हिशेब याहून मनोरंजक आहे. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या विमानास जाताना ताशी ४० किलोमीटरांचा वारा पाठीशी मिळाला, तर ७०० किलोमीटर ७८ मिनिटांत संपतात. परतताना तोच वारा समोरून आला, तर ९१ मिनिटे लागतात. जाताना सहा मिनिटे वाचली आणि येताना सात गेली; म्हणजे जाण्या-येण्याचा एकंदर हिशेब केला, तर स्थिर वारा विमानास नेहमी तोट्यातच ठेवतो. आपल्या पावसाळ्यात खालच्या थरांत पश्चिमेचे वारे आणि फार उंचावर पूर्वेचे जेट प्रवाह असतात. हिवाळ्यात उत्तर व मध्य भारतावर पश्चिमेचे प्रवाह उंचावर प्रबळ होतात. म्हणून नागपुरास जाण्याचा आणि तेथून येण्याचा वेळ वेळापत्रकातही सारखा नसतो, आणि ऋतुपरत्वे त्यात आणखी फरक पडतो. शिवाय कंपन्या वेळापत्रकात दहा-पाच मिनिटे राखून ठेवतात. पंधरा मिनिटांच्या आतील विलंब हा विलंब म्हणून गणला जात नसल्यामुळे, मिनिटांची ही शिल्लक कंपनीच्या वक्तशीरपणाच्या खात्यावर जमा होते.

उन्हाचाही यात हात आहे. उजळाईवाडीचे विमानतळ समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंच आहे, आणि नागपुरास मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो. उंची आणि उष्णता यांनी हवा विरळ होते, पंखांस आधार कमी मिळतो, यंत्राची शक्ती घटते, आणि तेच विमान तेवढ्याच भारासह उडण्यास अधिक लांब धावपट्टी मागते. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरांची असल्याने तेथे चिंतेचे कारण नाही. कोल्हापूरची मूळची धावपट्टी १,३७० मीटरांची होती, ती वाढवून १,९३० मीटर केली गेली आणि ती आणखी लांबवण्याची तजवीज आहे. मधल्या काळात मोठी विमाने आली नाहीत व आलेल्या लहान विमानांना कधी भार कमी करावा लागला, याचे मूळ या मीटरांत आहे. नकाशावरील अंतर यत्किंचितही न बदलता, धावपट्टीच्या पाचशे मीटरांनी दोन शहरे जवळ किंवा दूर होतात ती अशी.

येथवरचे सर्व हिशेब विमानाचे झाले. प्रवाशाचा हिशेब घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतो. कोल्हापूर शहरातून उजळाईवाडीस अर्धा तास; सामान नोंदवण्याची खिडकी सुटण्याच्या एक तास आधी बंद होते म्हणून तेथे निदान सव्वा तास आधी पोहोचणे; विमानाचे दीड ते पावणेदोन तास; उतरल्यावर सामानासाठी वीस-पंचवीस मिनिटे; आणि सोनेगावाहून सीताबर्डीपर्यंत आणखी अर्धा तास, अशी बेरीज केली तर थेट विमान असूनही चार ते साडेचार तास होतात. त्यांपैकी विमान हवेत असते ते सुमारे दीड तास. सातशे किलोमीटरांस साडेचार तासांनी भागले, म्हणजे प्रवाशाची खरी गती ताशी १५५ किलोमीटर ठरते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस टपाल आणले ते लहानसे पस मॉथ विमान ताशी शंभर मैलांच्या आसपास, म्हणजे साधारण याच वेगाने उडत असे. नव्वद वर्षांत विमानाची गती पाचपट झाली, आणि ती बव्हंशी इमारतीतील रांगांत जिरली; तथापि हीच पद्धत रेल्वेस लावली तर सातशे किलोमीटरांच्या विस्थापनास पंचवीस तास, म्हणजे ताशी २८ किलोमीटर, असा निकाल येतो. म्हणून विमानाची थट्टा करण्यापूर्वी आगगाडीकडेही पाहिले पाहिजे.

हे सारे थेट विमान असेल तर. ते नसेल, किंवा असूनही त्या वारी नसेल, तर प्रवाशाला तिसऱ्या शहरातून जावे लागते, आणि तेथे अंतराचे चित्र पालटते. कोल्हापूर-हैदराबाद सुमारे ४४५ आणि हैदराबाद-नागपूर सुमारे ४३५ किलोमीटर, म्हणजे एकूण ८८० किलोमीटर होतात. सरळ अंतरापेक्षा एक चतुर्थांश अधिक. मुंबईवरून जावे तर ३१० आणि ६८५ मिळून हजाराच्या जवळ, म्हणजे दोन-पंचमांश अधिक. बंगळुरूवरून गेल्यास चौदाशेहून अधिक, म्हणजे दुप्पट, आणि त्यात प्रवासी प्रथम सुमारे साडेतीन अंश दक्षिणेकडे झुकून मग उत्तरेस परततो. आकाशात हे वाढीव अंतर काटणे तासाभराचा प्रश्न असतो. खरा काळ जातो तो मधल्या विमानतळावर तिष्ठत बसण्यात. पहिले विमान उशिरा आले तर दुसरे चुकण्याची भीती, ते चुकू नये म्हणून ठेवलेले तीन-चार तासांचे अंतर, आणि कधी दुसरे विमान संध्याकाळचेच असल्याने होणारा मुक्काम, या सर्वांनी साडेचार तासांचे आठ-दहा तास होतात. एका दिवसात जाऊन, काम उरकून परत येणे हा विचारच मग सोडून द्यावा लागतो.

गंमत अशी की, नागपूरची विमानविद्येतील ख्याती एकेकाळी नेमक्या अशा मधल्या मुक्कामावर उभी होती. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल योजनेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून सायंकाळी एक एक विमान निघे, मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपुरास जमत, टपालाच्या पिशव्यांची व उतारूंची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत चारही आपापल्या शहरी परतत. त्या काळच्या डाकोटा विमानांच्या पल्ल्याला हा मुक्काम सोयीचा होता, आणि नागपूर या चार महानगरांच्या मध्यभागी होते: मुंबई ६८५, दिल्ली ८५५, मद्रास ९१० आणि कलकत्ता ९८५ किलोमीटर. पत्र एका संध्याकाळी मुंबईस टाकावे आणि दुसऱ्या सकाळी कलकत्त्यास मिळावे, ही त्या काळची मोठी कर्तबगारी होती. पुढे लांब पल्ल्याची वेगवान विमाने आली, महानगरे एकमेकांशी थेट बोलू लागली आणि १९७३ मध्ये ही योजना थांबली. मध्यवर्ती असणे हा भूगोलाचा गुण खरा, पण त्याचे मोल काळाच्या यंत्रावर अवलंबून असते, हा धडा नागपूरने तेव्हाच घेतला.

कोल्हापूरचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. छत्रपती राजाराम महाराजांच्या दूरदृष्टीने १९३९ साली उजळाईवाडीस विमानतळ उभे राहिले. संस्थान विलीन झाले, राजधानी गेली, आणि विमानतळावर नियमित वाहतूक कधी येई, कधी वर्षानुवर्षे बंद पडे. १९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण होऊन आठ कंपन्यांची एक इंडियन एअरलाइन्स झाली. तिचे लक्ष साहजिकच महानगरांकडे होते. लहान गावांसाठी १९८१ मध्ये वायुदूत ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आधी ईशान्य भारतासाठी आणि मग इतरत्र. तोटा वाढत गेल्याने १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली. १९९४ नंतर खाजगी कंपन्यांना मोकळीक मिळाली, पण त्यांनीही प्रथम जेथे प्रवासी भरपूर तेथेच विमाने उभी केली. दोन प्रादेशिक शहरांना थेट जोडण्याचा व्यवसाय कोणालाच आपला वाटत नव्हता, कारण अशा मार्गावर सकाळ-संध्याकाळ विमान भरेल इतके उतारू जमण्यास प्रथम काही वर्षे ते नियमाने धावावे लागते, आणि ती वर्षे तोट्याची असतात.

ही कोंडी फोडण्यासाठी २०१६ च्या ऑक्टोबरात ‘उडान’ योजना आली. तिची रचना अंतरावर आधारलेली आहे: सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे तासाभराच्या विमानप्रवासास आरंभी २,५०० रुपयांची भाडेमर्यादा, त्याहून कमी-अधिक अंतरास टप्प्याटप्प्याने कमी-अधिक भाडे, विमानातील साधारण निम्मी आसने या मर्यादेत, कंपनीची तूट भरून काढण्यासाठी तीन वर्षे अर्थसाहाय्य, ज्यातील एक पंचमांश भार राज्याने उचलावयाचा, आणि इंधनावरील राज्यकरात मोठी सूट. २७ एप्रिल २०१७ रोजी योजनेची पहिली विमाने उडाली, त्यांत सिमला-दिल्लीच्या बरोबरीने नांदेड-हैदराबाद हा मार्गही होता, ही मराठवाड्यास अभिमानाची गोष्ट. कोल्हापूरची बंद पडलेली वाहतूक २०१८ मध्ये याच योजनेखाली पुन्हा सुरू झाली, रात्री विमान उतरवण्याची सोय झाली, आणि २०२४ मध्ये नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले. २०२१ मध्ये सिंधुदुर्गात चिपी, २०२५ मध्ये अमरावतीत बेलोरा अशी विमानतळांची संख्याही वाढत गेली.

या योजनेचा जमाखर्च २०२३ मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी तपासला, आणि त्यांचे निष्कर्ष प्रत्येक जिल्हा कचेरीत लावून ठेवावे असे आहेत. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची सवलतीची मुदत पुरी केली ती ११२ मार्गांनी. आणि त्या ११२ पैकी मुदतीनंतर, मार्च २०२३ पर्यंत, चालू राहिले ते अवघे ५४. हे आकडे योजना व्यर्थ गेली असे सांगत नाहीत, कारण जेथे मार्ग टिकला तेथे गावाची दशा पालटली आहे. परंतु फीत कापण्याच्या दिवसाचे आणि हजाराव्या दिवसाचे नाते किती नाजूक आहे, ते या आकड्यांवरून स्पष्ट होते. विमानतळाची तयारी नसणे, विमानांची टंचाई, लहान कंपन्यांची दुर्बळ आर्थिक स्थिती, आणि अर्थसाहाय्य थांबताच भाडे वाढून उतारू गळणे, ही त्यामागची कारणे या व्यवसायात सर्वांस ठाऊक आहेत.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. ज्या आकाशरेषेचे वर्णन वर केले, तिच्या खालच्या पंढरपूरच्या वारकऱ्यास, परळीच्या कामगारास किंवा पुसदच्या कापूस उत्पादकास कोल्हापूर-नागपूर विमानाचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल, आणि ते रास्त आहे. विमान दोन टोके जोडते व मधला मुलूख वगळते. लातूर, धाराशिव आणि यवतमाळ येथे धावपट्ट्या आहेत, पण त्यांवर नियमित विमानांची वर्दळ नाही. मधल्या माणसाला आगगाडी आणि सडक हीच साधने आहेत, आणि विमानामागे लागून त्यांची हेळसांड झाली, तर तो अन्याय होईल. शिवाय अंतरावर आणखी एक उपाय आहे, ज्यास विमान लागत नाही: ज्या कामासाठी मनुष्य प्रवास करतो ते कामच त्याच्या जवळ आणणे. मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसू लागले, तेव्हा सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांचे जितके अंतर कमी झाले, तितके कोणत्याही विमानाने झाले नसते.

या दोन्ही गोष्टी मान्य करूनही थेट विमानाची गरज शिल्लक राहते. रुग्णाला नागपूरच्या तज्ज्ञाकडे नेणारे कुटुंब, दोन्हीकडच्या बाजारांत माल देणारा कारखानदार, विद्यापीठातील परीक्षक, अधिवेशनातील अर्जदार, आणि विदर्भातून अंबाबाईच्या दर्शनास येणारे यात्रेकरू, यांपैकी कोणाचेही काम दुसऱ्या गावात कचेरी हलवून भागणारे नाही. यांच्या दृष्टीने विमानाची उपयुक्तता ठरते ती किलोमीटरांवर नव्हे, मिनिटांवरही फारशी नव्हे. ते विमान आठवड्यातून किती वेळा, दिवसाच्या कोणत्या प्रहरी आणि किती भरवशाने येते यावर ठरते. आठवड्यातून तीनदा दुपारी उडणारे सव्वा तासाचे विमान हे, रोज सकाळी जाऊन रात्री परतणाऱ्या पावणेदोन तासांच्या विमानापेक्षा, व्यवहारात फार दूरचे असते. पहिल्याने जाणाऱ्यास परतीच्या विमानासाठी दोन मुक्काम पडतात. दुसऱ्याने जाणारा मनुष्य रात्रीचे जेवण घरी करतो.

म्हणून या आढाव्याचा निष्कर्ष असा की, दोन प्रादेशिक विमानतळांतील अंतराची सरकारदरबारी नोंद आज ज्या मापांनी होते ती अपुरी आहेत. महावृत्ताचे अंतर भाड्याचा टप्पा ठरवण्यास पुरेसे आहे, आणि उड्डाणाचा काळ कंपनीच्या खर्चाच्या हिशेबास. परंतु कोणत्या मार्गास सार्वजनिक पैशाने आधार द्यावा हे ठरवताना पहिला प्रश्न असा असावा की, या मार्गावरून सकाळी निघालेल्या नागरिकास तेथे निदान पाच-सहा तास काम करून त्याच रात्री घरी परतता येते काय, आणि वर्षाच्या किती दिवशी. ज्या मार्गाचे उत्तर समाधानकारक असेल त्यास तीन वर्षांऐवजी पाच वर्षे आधार देण्यास हरकत नसावी. ज्याचे नसेल त्यास मंजुरीचा कागद देऊन नकाशावर एक रेषा वाढवण्यात राज्याचे काही हित नाही. हीच कसोटी रेल्वेच्या रात्रीच्या गाड्यांनाही लावावी: संध्याकाळी कोल्हापुराहून निघून सकाळी कचेऱ्या उघडण्याच्या वेळी नागपुरास पोहोचणारी गाडी, लातूरच्या मार्गाने, अशक्य कोटीतील नाही. अशी गाडी आणि असे विमान ही दोन्ही असतील, तेव्हा कोल्हापुराहून नागपूर किती लांब, या प्रश्नास शिक्षक, कारकून, कंपनीचा नोकर आणि प्रवासी यांची उत्तरे निरनिराळी राहिली तरी त्यांवाचून कोणाचे अडणार नाही.